क्षमा मिळाली, तरी दुखणं राहिलं

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

आजारपण आणि श्रद्धा या विषयावर आपल्या पुरवणीत गेले काही आठवडे वाचकांची पत्रं येत आहेत. त्यात एका पत्रलेखकाने आम्हा ख्रिस्ती मंडळींना सरळच विचारलं आहे: तुमचा देव क्षमा करतो म्हणता, मग दुखणं का काढून घेत नाही? क्षमा झाली आणि शिक्षा चालूच, हा कुठला न्याय? प्रश्न खोचक आहे, पण खोटा नाही. कुणी पाळक किंवा फादर उत्तर देतील म्हणून वाट पाहिली. कुणी लिहिलं नाही, तेव्हा मीच लिहायला घेतलं. मी निवृत्त परिचारिका आहे आणि आता स्वतः डायलिसिसवर आहे. खाटेच्या दोन्ही बाजू पाहिल्यात, एवढीच माझी पात्रता. हे पत्रही डायलिसिसच्या खुर्चीत बसूनच लिहिते आहे. डाव्या हातात दोन सुया आहेत, तो हलवायचा नाही. उजवा मोकळा आहे. अक्षर वाकडं आलं असेल तर समजून घ्यावं.

माझा आजार वडिलांकडून आला. मूत्रपिंडात पाण्याच्या गाठी होत जातात, वर्षानुवर्षं वाढतात आणि चांगला भाग हळूहळू निकामी होतो. आईवडिलांपैकी एकाला हा आजार असला तर प्रत्येक मुलाला तो होण्याची शक्यता निम्मी. मला झाला, माझ्या भावाला नाही. तो माझ्याहून पुण्यवान आहे असं त्याची बायकोसुद्धा म्हणणार नाही. ही गोष्ट मी मुद्दाम सांगते आहे, कारण डायलिसिस सुरू झाल्यावर आमच्या मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, एक गृहस्थ मला भेटायला आले. प्रार्थना केली, डोळे उघडले आणि म्हणाले, "सिस्टर, एखादं पाप पदरी घ्यायचं, कबूल करायचं राहून गेलं असेल. तुमचं नसेल तर घराण्यातलं. आठवून पाहा."

आता माझी पापं काय आहेत ते माझं मला आणि देवाला ठाऊक. ती वर्तमानपत्रात सांगायची नाहीत आणि त्या गृहस्थांनाही सांगायची नव्हती. पण त्यांनी पवित्र शास्त्राचा आधार दिला होता, म्हणून त्याचं उत्तर दिलं पाहिजे. त्यांनी योहानाच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातलं बेथेस्दाच्या तळ्याकाठचं उदाहरण दिलं. अडतीस वर्षं आजारी असलेल्या माणसाला येशू म्हणतो, आता पाप करू नकोस, नाहीतर याहून वाईट होईल. वचन तिथे आहे, मी नाकारत नाही. पण ते केव्हा आणि कुठे उच्चारलं ते नीट वाचावं. तळ्याकाठी येशूने त्याला एकच विचारलं, तुला बरं व्हायचं आहे का? पापांची चौकशी केली नाही. आधी उठवलं, चालवलं. नंतर तो मंदिरात भेटला तेव्हा हे बोलणं झालं, तेही त्याच्याशीच. माणूस अंथरुणावर असताना, सलाइन चालू असताना, शेजारचा पेशंट कान देऊन ऐकत असताना नव्हे. शिवाय बोलणारा त्या माणसाचं अंतःकरण जाणत होता. आम्हा भेटायला येणाऱ्यांना तेवढं दिसतं का?

घराण्याच्या पापाविषयी तर योहानाच्याच नवव्या अध्यायात शिष्य हाच प्रश्न विचारतात. जन्मांध माणूस समोर बसलाय आणि यांची चर्चा, पाप याने केलं की याच्या आईबापाने? उत्तर येतं: यानेही नाही, याच्या आईबापानेही नाही. यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या अठराव्या अध्यायातही मुलगा बापाच्या अधर्माचा भार वाहणार नाही असं स्वच्छ लिहिलंय. शिलोहाचा बुरूज कोसळून अठरा माणसं दगावली, ती इतरांपेक्षा जास्त अपराधी होती असं समजू नका, असं खुद्द प्रभू येशूने सांगितलं. आणि ईयोब, दोष नसताना दुखण्यात पडलेला माणूस, त्याचे तीन मित्र, अलीफज, बिल्दद आणि सोफर, यांची गोष्ट तर सगळ्यांना पाठ असते. सात दिवस आणि सात रात्री ते त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तोवर त्यांचं सगळं ठीक चाललं होतं. तोंड उघडलं, हे तुझ्या पापामुळेच म्हणाले, आणि घोळ झाला. शेवटी देवाचा राग त्यांच्यावर झाला आणि ईयोबाला त्यांच्यासाठी प्रार्थना करावी लागली. म्हणजे रोग्यानेच भेटायला आलेल्यांना सांभाळून घेतलं. नोकरीत हा प्रकार मी पुष्कळ पाहिला आहे.

पण पत्रलेखकाचा प्रश्न याहून पुढचा आहे. दुखणं पापामुळे नसेल, ठीक. पण क्षमा होते म्हणता, तर ती कळायची कशी? काहीतरी हलकं व्हायला नको का?

मार्काच्या शुभवर्तमानाच्या दुसऱ्या अध्यायात चौघेजण एका पक्षाघाती माणसाला बाजेसकट छपरातून खाली सोडतात. सगळ्यांचे डोळे त्याच्या पायांकडे. येशू म्हणतो, "मुला, तुझ्या पापांची क्षमा झाली आहे." छपरावरच्या चौघांची तोंडं काय झाली असतील! एवढी उस्तवार पायांसाठी केलेली. तिथे बसलेले शास्त्री मनात कुरकुरतात, हा कोण क्षमा करणारा. येशू त्यांना उत्तर देतो. आणि मग त्या माणसाला उठायला सांगतो. हा भाग वाचताना मी त्या मधल्या वेळापाशी थांबते. वाद चालू होता तेवढा वेळ तो माणूस क्षमा झालेला आणि लुळा, असा दोन्ही होता. त्या वेळात त्याची क्षमा अर्धी नव्हती. पाय चालू लागले तेव्हा ती पुरी झाली, असंही नाही. पायांमुळे लोकांना पटलं, एवढंच. आपल्यापैकी पुष्कळांचं आयुष्य त्या मधल्या वेळातच जातं.

आणि येशूच्या शेजारी खिळलेला, वधस्तंभावरचा चोर. त्याच्यावर प्रवचनं खूप ऐकली, पण प्रवचन बहुधा सुखलोकापाशी थांबतं. मला परिचारिका म्हणून पुढचं दिसतं. त्या माणसाने आपला बचाव केला नाही. आम्ही केलं त्याचंच फळ आम्हाला मिळतंय, हे त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. म्हणजे त्याचं दुःख खरोखरच त्याच्या कृत्याचा परिणाम होतं. इथे माझ्यासारखी गाठींची, आनुवंशिकतेची सबब नाही. त्याला उत्तर मिळालं, "तू आज माझ्याबरोबर सुखलोकात असशील." त्यानंतर काय झालं? खिळे निघाले नाहीत. दुपार तशीच गेली. येशू त्याच्या आधी मरण पावला. मग शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विसाव्याच्या, दिवशी प्रेतं वधस्तंभावर राहू नयेत म्हणून शिपाई आले आणि मरण लवकर यावं यासाठी त्यांनी दोन्ही चोरांचे पाय मोडले. योहानाने ते लिहून ठेवलंय. क्षमा मिळाल्यानंतर त्या माणसाच्या वेदना कमी झाल्या नाहीत, उलट पाय मोडण्याची एक आणखी वाढली. आणि दिलेला शब्द मोडला गेला असं आमच्यापैकी कुणीही म्हणत नाही.

तेव्हा "क्षमा झाली आणि शिक्षा चालूच" या म्हणण्याला माझं उत्तर असं, की रोमी सत्तेची शिक्षा चालू होती, देवाचा राग नव्हता. दोन्ही एकाच देहावर, एकाच दुपारी. बाहेरून पाहणाऱ्याला फरक काहीच दिसला नसता. दुसऱ्या बाजूचा चोरही तसाच लटकत होता, त्याचेही पाय तसेच मोडले. दुखण्याकडे पाहून कुणाला क्षमा झाली आणि कुणाला नाही हे ओळखता येत असतं, तर त्या टेकडीवर ते नक्की ओळखता आलं असतं.

दावीद राजाची गोष्ट मात्र मला अजून पचलेली नाही. त्याने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला मारवलं. नाथान संदेष्टा त्याला एकाच दमात सांगतो, परमेश्वराने तुझं पाप दूर केलंय, तू मरणार नाहीस. आणि तुझं मूल मरेल. बालरुग्णांच्या वॉर्डात काम केलेल्या बाईला हे वाचून गप्पच बसावं लागतं. कुणी त्याचा गुळगुळीत खुलासा करायला लागलं की मी उठून जाते. एवढंच दिसतं, की मूल गेल्यावर दावीद उठला, अंघोळ केली आणि ज्या देवाने मागितलेलं दिलं नाही त्याच्याच मंदिरात जाऊन नमन केलं. देवाशी बोलणं तोडलं नाही. एकावन्नावं स्तोत्र त्याच प्रसंगाचं म्हणून परंपरेने छापलं जातं आणि जगभरच्या मंडळ्या आपल्या पश्चात्तापासाठी आजही तेच म्हणतात.

आता थोडं खुर्चीतल्या गोष्टीविषयी. चार तासांत पहिले तीन बरे जातात. शेवटच्या तासाला अंगातलं पाणी निघून गेलेलं असतं, रक्तदाब उतरतो, पोटरीत गोळे येतात, आणि नेमकं तेव्हाच मन जुनी दप्तरं उघडतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वीचा एखादा शब्द, एखादी टाळलेली भेट. मी सांगू शकते, त्या वेळी क्षमा "जाणवत" नाही. तोंडाला कोरड पडलेली असते आणि प्रार्थनेचं पहिलं वाक्यसुद्धा सुचत नाही. योहानाच्या पहिल्या पत्रात तिसऱ्या अध्यायात एक वचन आहे, ते मी अशा वेळेसाठी राखून ठेवलं आहे: आपलं मन आपल्याला दोषी ठरवत असलं तरी देव आपल्या मनापेक्षा थोर आहे आणि त्याला सगळं ठाऊक आहे. म्हणजे त्या तासाला माझं मन जो निकाल देतं तो शेवटचा नाही. वरचं न्यायालय आहे. मला बरं वाटेपर्यंत निकाल थांबवून ठेवलेला नाही.

याबाबतीत मला इंग्रज कवी विल्यम कूपर फार जवळचा वाटतो. अठराव्या शतकातला. क्षमेवर त्याने लिहिलेली भजनं आजही चर्चमधून गायली जातात. पण 1773 साली तो मनाने कोसळला. आपला निकाल लागला, आपण कायमचे टाकले गेलो, असं एका स्वप्नात त्याला ऐकू आलं आणि ते त्याच्या मनातून पुढे कधी गेलं नाही. 1800 मध्ये तो वारला. मधल्या वर्षांत कविता लिहिल्या, होमरचं भाषांतर केलं, ससे पाळले, पण चर्चमध्ये पाऊल टाकलं नाही, कारण देवाची क्षमा इतरांसाठी आहे, आपल्यासाठी नाही, अशी त्याची पक्की समजूत. आज त्याला डॉक्टरांनी नैराश्याचं औषध दिलं असतं आणि द्यायलाच हवं होतं. अशा माणसाला "विश्वास वाढवा" म्हणणं हा छळ आहे. मला विचाराल तर कूपरची क्षमा त्याला वाटलं नाही म्हणून रद्द झाली नाही. त्याचा मित्र जॉन न्यूटन, जो एके काळी गुलामांच्या जहाजाचा कप्तान होता आणि ज्याच्याकडे आठवायला खरोखरीची भयंकर पापं होती, तो मात्र क्षमेवर भरवसा ठेवून म्हातारा झाला. अपराध किती मोठा, त्यावर भरवसा ठेवणं सोपं की अवघड हे ठरत नाही असं दिसतं. आणि न्यूटनने मित्राला सोडलं नाही. कूपर आजारात त्याच्या घरी महिनोन्महिने राहिला.

माझ्या शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त ड्रायव्हर असतात. ते ख्रिस्ती आहेत की नाहीत, याला इथे महत्त्व नाही. एकदा मशीनकडे बघत म्हणाले, "ताई, भावाचा हिस्सा मी दाबला. त्याचंच हे फेडतोय."

मी म्हटलं, "दादा, तुमच्या किडन्या साखरेने गेल्या. रिपोर्ट मी पाहिलाय."

"पण फेडतोय तर खरं ना?"

"कुणाला? तुमच्या डायलिसिसने भावाला काय मिळतं?"

बराच वेळ ते बोलले नाहीत. मग म्हणाले, "असं कुणी म्हटलं नव्हतं."

मी हे कठोरपणाने म्हटलं असं वाचकांना वाटेल. पण मला खरंच वाटतं, की दुखणं हे पापाचा पुरावा नाही तसंच ते पापाची भरपाईही नाही. सोसलं म्हणजे फिटलं, हा हिशेब फार जणांच्या मनात असतो, आम्हा ख्रिस्ती लोकांच्याही. आणि त्यात एक सोय असते. भावाकडे जावं लागत नाही. शुभवर्तमानातल्या जक्कय जकातदाराच्या घरी तारण आलं तेव्हा तो अंथरुणाला खिळला नाही, त्याने लुबाडलेलं चौपट परत करतो म्हणून सांगितलं. दुसऱ्या एका वाचकाने आमची क्षमा स्वस्त आहे म्हणून टोमणा मारला आहे, पाप करा, कबूल करा, मोकळे व्हा. त्यांना जक्कयाला विचारावं लागेल. देवाकडची क्षमा मागून मिळते, विकत मिळत नाही, हे खरं. पण मिळाल्यावर माणसाच्या हातून माणसाचं देणं सुटत नाही. उलट ते द्यायला जायचं धैर्य येतं. ड्रायव्हर दादांनी भावाला फोन केला की नाही ते मी विचारलेलं नाही.

नोकरीतला एक अनुभव सांगते. मरणाच्या दारात असलेली माणसं फारशी तत्त्वज्ञानं विचारत नाहीत. "मला माफ होईल का?" एवढंच विचारतात, आणि ते बहुधा रात्रपाळीत, औषध द्यायला आलेल्या सिस्टरला. दिवसा नातेवाईक असतात ना. मोठमोठ्या साधूंचंही वेगळं नसावं. संत ऑगस्टीन, ज्याने आयुष्यभर देवाच्या कृपेवर लिहिलं, तो 430 साली हिप्पो शहराला शत्रूचा वेढा पडलेला असताना तापाने आजारी होता. त्याने दाविदाची पश्चात्तापाची स्तोत्रं लिहून खाटेसमोरच्या भिंतीवर लावून घेतली आणि पडल्या पडल्या ती वाचत तो रडत असे. वैद्य आणि जेवण आणणारे सोडून कुणालाही आत येऊ देऊ नका असं त्याने सांगून ठेवलं होतं. त्याचा मित्र पोसिडियस याने हे लिहून ठेवलंय. भेटायला येणाऱ्यांना बंदी करण्याचा तो निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो.

ऑगस्टीनचं रडणं हा अविश्वास नव्हता. क्षमा नाहीच असं ज्याला वाटतं तो क्षमा मागणारी स्तोत्रं भिंतीवर लावून ठेवत नाही. पाप पदरी घेणं आणि क्षमेवर भरवसा ठेवणं, दोन्ही एकाच उशीवर चालू शकतं. एकशे तिसाव्या स्तोत्रातला माणूसही खोल डोहातूनच ओरडतो आहे, काठावर येऊन आभार मानत नाही. तू अपराधांची टिपणं ठेवलीस तर तुझ्यापुढे कोण टिकेल, असं तो तिथूनच म्हणतो, आणि तिथूनच म्हणतो की तुझ्याजवळ क्षमा आहे. डोहाबाहेर कधी आला ते स्तोत्रात दिलेलं नाही.

तर पत्रलेखक महोदय, क्षमा मिळून दुखणं गेलं नाही तर उपयोग काय, याचं माझ्यापुरतं उत्तर: मला आता मूत्रपिंडाच्या तपासणीतल्या प्रत्येक वाढलेल्या क्रिएटिनिनचा अर्थ लावत बसावं लागत नाही. रिपोर्ट वाईट आला तर तो डॉक्टरांना दाखवायचा, देवाच्या मनात माझ्याविषयी काय आहे ते त्यात शोधायचं नाही. ते मला दुसरीकडून, आधीच कळलेलं आहे. प्रेषित पौलाने शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनंती केली. काटा राहिला, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं. तो काटा नेमका कोणता, यावर विद्वानांचे वाद आहेत. मला त्यात रस नाही. मी पण मागते, तीनपेक्षा जास्त वेळा. प्रत्यारोपणासाठी माझं नाव यादीत आहे आणि मूत्रपिंड मिळालं तर मी आनंदाने घेईन. दुःखात राहण्याची मला हौस नाही.

शेवटी आजाऱ्यांना भेटायला जाणाऱ्या सर्वधर्मीय वाचकांना एका सिस्टरची विनंती. पेशंटला त्याच्या पापांची यादी विचारू नये. त्याला स्वतःहून काही बोलायचं असेल तर पडदा ओढून घ्यावा, ऐकावं, आणि तो मागेल त्या धर्मगुरूंना किंवा पाळकांना बोलवावं. बाहेर जाऊन त्याची चर्चा करू नये. प्रार्थना लहान ठेवावी. दहा मिनिटांत उठावं. आणि पेशंट डायलिसिसचा असेल तर जाता जाता "पाणी भरपूर पीत जा" असं कृपा करून सांगू नये. आम्हाला पाणी मोजून असतं.

आपली नम्र,
एक निवृत्त परिचारिका
(नाव छापू नये, ही विनंती)